विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करायची आहे? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सातवीच्या वर्गात मी एक विद्युत घट, छोटा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे दिले आणि म्हटलं, बल्ब लावून दाखवा. एका मुलीनं एकच तुकडा उचलला. त्याचं एक टोक घटाच्या वरच्या टोपीला लावलं, दुसरं बल्बच्या बुडाला. बल्ब लागला नाही. तिनं घट बदलून घेतला, तरी नाही. मग ती खात्रीनं म्हणाली, "बाई, बल्बच गेलाय. घरी टीव्हीला पण एकच वायर जाते की."

तिचं निरीक्षण बरोबरच होतं. टीव्हीची वायर बाहेरून एकच दिसते. आत दोन किंवा तीन वायरी असतात, हे ती कापल्याशिवाय कळत नाही. मी मात्र कित्येक वर्षं 'परिपथ पूर्ण असावा लागतो' एवढं फळ्यावर लिहून पुढच्या मुद्द्याकडे जात होते. माझी पीएच.डी. त्या दिवशी मनात सुरू झाली. कागदावर नोंदणी व्हायला त्यानंतर दोन वर्षं गेली, कारण कशानंतर काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवणारे माझे सहकारी आणि नुकतीच एम.एस्सी. किंवा एम.एड. झालेली मुलंमुली मला आता तेच विचारतात. म्हणून नोकरी सांभाळून हे काम केलेली एक शिक्षिका म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी विषय ओळखा

विज्ञान शिक्षणातली पीएच.डी. म्हणजे भौतिकशास्त्रातली पीएच.डी. नव्हे. पण 'अमुक अध्यापन पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास' असं शीर्षक देऊन कुठल्याही विषयाला चिकटवता येईल, असं कामही इथे पुरत नाही. मुलांच्या डोक्यात एखादी वैज्ञानिक संकल्पना कशी आकार घेते, कुठे अडते, पाठ्यपुस्तक आणि शिक्षक तिला कशी मदत किंवा अडथळा करतात, हा या शाखेचा गाभा आहे. त्यासाठी विज्ञान पक्कं लागतं आणि शिक्षणशास्त्रही. एक बाजू कच्ची असेल तर पहिलं वर्ष ती भरून काढण्यात जाईल, आणि ते वर्ष द्यायलाच हवं. एम.एस्सी. झालेल्यांनी मुलं कशी शिकतात यावर लिहिणारे पियाजे आणि वायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ मुळातून वाचावेत. एम.एड. झालेल्यांनी आपल्या विषयाची पदवीपर्यंतची पुस्तकं पुन्हा उघडावीत.

पात्रता

देशभर लागू असलेला मूळ नियम म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी. विनियम. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांना थेट अर्ज करता येतो. एम.फिल. आता बंद झालं आहे, त्यामुळे त्या वाटेची जुनी माहिती कुणी सांगितली तर सोडून द्या.

खरी अडचण वेगळीच असते: एम.एस्सी. की एम.एड.? विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातून पीएच.डी. करायची तर साधारणपणे एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातली एम.ए. अपेक्षित असते. फक्त एम.एस्सी. असेल तर आंतरविद्याशाखीय वाट आहे का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत शब्दन् शब्द वाचून पाहा. कुणाच्या तोंडी सांगण्यावर अर्ज भरू नका. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मात्र विज्ञान, गणित, अभियांत्रिकी अशा पार्श्वभूमीचे विद्यार्थी थेट विज्ञान शिक्षणाच्या पीएच.डी.ला येतात.

कुठे करायची

पुण्यात राहून करायची तर पहिलं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिक्षणशास्त्राचा विभाग आहे, शिवाय संलग्न शिक्षण महाविद्यालयांमध्ये संशोधन केंद्रं आहेत. गाईड कुठल्या केंद्राशी जोडलेले आहेत त्यावर तुमचं केंद्र ठरतं.

दुसरं नाव होमी भाभा केंद्राचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं आणि या विषयात देशात त्याच्या तोडीची जागा शोधून सापडणार नाही. पुण्याहून दादरला जाणाऱ्या बसनं चेंबूरच्या मैत्री पार्कला उतरलात तर तिथून मानखुर्दचं केंद्र रिक्षानं जवळ आहे. प्रवेश तिथे घ्या अथवा घेऊ नका, एक दिवस जाऊन या. तिथला प्रवेश लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून होतो आणि काम पूर्णवेळ असतं. दर दोन वर्षांनी तिथे 'एपिस्टीम' ही परिषद भरते. तिची निबंधसंग्रहं वाचली की या शाखेत आज काय चाललं आहे ते लक्षात येतं.

पदवी जिथून घ्याल तिथून घ्या, अभ्यासासाठी पुण्याइतकं सोयीचं शहर नाही. सेनापती बापट रस्त्यावर बालभारती आहे, कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत विज्ञान आणि गणित शिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलं हातानं वस्तू बनवताना कशी बोलतात, ते तासभर नुसतं ऐकलं तरी दोन-तीन संशोधन प्रश्न सुचतात.

नेट, पेट आणि मुलाखत

यूजीसी नेट म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. जून २०२४ पासून तिचा निकाल तीन प्रकारांत लागतो. पहिल्यात जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप), सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश हे तिन्ही मिळतं. दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश, तिसऱ्यात फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं आणि हे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. ही मुदत अनेकांच्या लक्षात राहत नाही आणि वर्ष वाया जातं.

नेट आपल्या पदव्युत्तर विषयातूनच द्यायची असते. एम.एड. वाल्यांनी शिक्षणशास्त्रातून, भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. वाल्यांनी विज्ञान विषयांसाठीची सीएसआयआर नेट. यूजीसी नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न सोडू नका.

विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, असेल तर तिच्यात निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. पात्र व्हायला ५० टक्के लागतात. सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, झालेल्यांना पेटमधून सूट आहे का, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहा.

मुलाखतीत विचारलं जातं ते एकच: तुमचा प्रश्न काय, आणि त्याचं उत्तर तुम्ही कसं शोधणार? मी बल्बची गोष्ट सांगितली. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "ही एका मुलीची गोष्ट झाली. सगळ्या वर्गाची आहे हे कशावरून?" त्यांना हवं होतं ते उत्तर माझ्या वहीत होतं. मी त्याआधी ४२ मुलांकडून बल्ब-घटाच्या जोडणीची चित्रं काढून घेतली होती. मुलाखतीला जाताना असं काहीतरी हातात असू द्या, मग ते वहीच्या दोन पानांएवढं का असेना.

गाईड

गाईड शोधताना आधी तीन गोष्टी विचारा आणि संकोच करू नका. जागा आहे का? एका वेळी प्राध्यापकांकडे ८, सहयोगी प्राध्यापकांकडे ६ आणि सहायक प्राध्यापकांकडे ४ विद्यार्थीच असू शकतात. निवृत्तीला किती वर्षं आहेत? तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणि आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? हे तिसरं गाईडना न विचारता त्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

शिक्षणशास्त्राचे गाईड मिळाले आणि विज्ञानाची बाजू त्यांच्या आवाक्याबाहेर वाटली, तर सहमार्गदर्शक घेण्याची सोय नियमात आहे. ती वापरा. माझ्या कामातल्या विभवांतरावरच्या (व्होल्टेजवरच्या) प्रश्नांची भाषा एका भौतिकशास्त्राच्या सरांनी तीनदा बदलायला लावली. त्या तीन फेऱ्यांशिवाय माझी चाचणी चुकीचीच राहिली असती.

मुदत आणि पैसे

किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं, म्हणजे एकूण दहा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. बायकांनो, हा तुमचा हक्क आहे, अर्ज करून लेखी घ्या.

पार्टटाइम करता येते, पण नोकरीच्या ठिकाणाहून एनओसी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो. अर्ज भरायच्या तीन महिने आधीच मागा. फेलोशिप हवी असेल तर पूर्णवेळच करावी लागते. जेआरएफमध्ये पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. त्यासाठी वयाची अट ३० वर्षं आहे, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सूट. ज्यांना जेआरएफ नाही त्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गानुसार पाहाव्यात. बार्टी आणि सारथी दोन्हींची मुख्य कार्यालयं पुण्यातच आहेत.

कोर्सवर्क, म्हणजे संशोधनाआधी पूर्ण करायचा अभ्यासक्रम, १२ ते १६ क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा भाग सक्तीचा आहे आणि ५५ टक्के मिळवावे लागतात. याबद्दल फार काही सांगायचं नाही. वर्गाला जा, संख्याशास्त्राचा तास बुडवू नका.

प्रश्न आणि साधन: इथे वेळ घाला

आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, मंजूर होईपर्यंत सगळ्यांना शीर्षकाची घाई असते. तुम्ही ते सहा महिने मुलांचं बोलणं ऐकण्यात घालवा. माझा मूळ प्रश्न होता, 'सातवीच्या मुलांच्या विद्युत परिपथाविषयीच्या कल्पना'. तो इतका पसरट होता की त्यावर जगभर आधीच शेकडो निबंध आहेत. एकाच वायरनं बल्ब लागेल ही कल्पना अनेक देशांतल्या मुलांत सापडली आहे. घटाच्या दोन्ही टोकांकडून निघालेले प्रवाह बल्बमध्ये एकमेकांवर आदळतात ही आणखी एक. बल्ब विद्युतधारा 'वापरून टाकतो' ही तिसरी. मग माझ्या कामात नवं काय?

नवं होतं ते भाषेत. माझ्या शाळेत सेमी-इंग्रजी आहे. विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत, बाई समजावतात मराठीत, मुलं घरी तिसरंच काही बोलतात. एसीविषयी बोलताना आपण सहज म्हणतो, "हा खूप लाईट खातो." मूल लहानपणापासून ऐकतं की उपकरणं लाईट खातात. मग शाळेत सांगितलं जातं की बल्बमध्ये शिरणारी आणि बल्बमधून बाहेर पडणारी विद्युतधारा सारखीच असते. खाल्ल्यावर सारखीच कशी उरेल? आणि 'करंट' म्हणजे मुलांच्या लेखी जो बसतो तो, शॉक. पहिल्या चाचणीत मी विचारलं होतं, 'बल्बमधून करंट वाहतो का?' एका मुलानं लिहिलं, 'नाही, काचेला हात लावला तर काही होत नाही.' त्याच्या शब्दकोशाप्रमाणे उत्तर बरोबर होतं. माझ्या गुणदानाप्रमाणे शून्य.

म्हणून इंग्रजीतली तयार चाचणी उचलून तिचं भाषांतर करू नका. करायचंच असेल तर एकानं मराठीत करावं, ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यावं आणि दोन्ही ताडून पाहावं. त्यानंतर आठ-दहा मुलांना एकेक करून प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगा आणि विचारा, "यात तुला काय विचारलंय?" उत्तर बरोबर की चूक ते त्या वेळी बाजूला ठेवा. या एका फेरीत माझे वीसपैकी सात प्रश्न गळाले. 'वजन' आणि 'वस्तुमान', 'बल' आणि 'जोर', 'उष्णता' आणि 'तापमान' यांवर काम करणाऱ्यांना ही फेरी तर टाळताच येणार नाही.

मुलांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवा. 'लाईट', 'करंट', 'पॉवर' हे शब्द सुधारून 'विद्युतधारा' लिहू नका. तोच तुमचा पुरावा आहे. उत्तरांचं वर्गीकरण एकटीनं करू नका. दुसऱ्या व्यक्तीकडून निदान पाचवा हिस्सा तपासून घ्या आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनचा काप्पा या संख्याशास्त्रीय मापानं मोजा.

आपला विषय आधी कुणी केला आहे का, हे शोधगंगेवर पाहा. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे खुले आहेत, मराठीतून लिहिलेलेही. तीन चांगले प्रबंध पूर्ण वाचले तर प्रकरणांचा आकार आपोआप कळतो.

शाळेत जाताना

महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाची परवानगी, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची, खाजगी अनुदानित शाळेसाठी संस्थेची आणि मुख्याध्यापकांची. शिवाय पालकांची लेखी संमती, आणि मुलाला स्वतःला विचारणं. संमतीपत्र साध्या मराठीत, एका पानाचं करा. 'संशोधनार्थ संकलित विदा' असं लिहिलंत तर पालक सही करतील, पण त्यांना काही कळलेलं नसेल. तेव्हा ती संमती ठरत नाही.

वेळापत्रकाला मी एकदा फसले. एका शाळेनं चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या म्हटलं, सुट्टीनंतर स्नेहसंमेलन आलं, मग विज्ञान प्रदर्शन, आणि धडा तोवर शिकवून झाला होता. पूर्वचाचणीला अर्थच उरला नाही, वर्ष पुढे गेलं. आता मी सगळ्यांना सांगते: शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते, तेव्हाच वर्गशिक्षकांकडून वार्षिक नियोजन मागा, तुमचा धडा कोणत्या आठवड्यात आहे त्यावर खूण करा, गणपती, सहामाही आणि दिवाळी वजा करा आणि उरलेल्या दिवसांत आपलं काम बसवा. दहावीचा वर्ग मागू नका. मिळणार नाही, आणि मिळू नये.

आकड्यांबद्दल

बहुतेक प्रबंधांत दिसणारी रचना अशी: अ तुकडीला नवी पद्धत, ब तुकडीला नेहमीची, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-परीक्षण (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का ते पाहणारी चाचणी), फरक लक्षणीय. पण अनेक शाळांत अ तुकडी हुशार मुलांची असते. शिवाय नवी पद्धत संशोधक स्वतः जीव तोडून शिकवते आणि जुनी दुसरं कुणीतरी पाचव्या तासाला. मग फरक पद्धतीचा की तुकडीचा की शिकवणाऱ्याचा? शिवाय एका तुकडीतली मुलं एकत्रच शिकतात, म्हणून दोन तुकड्या म्हणजे ८० स्वतंत्र मुलं नव्हेत. जमलं तर चार-पाच शाळा घ्या, तुकड्या चिठ्ठी टाकून निवडा. जमलं नाही तर मोठा दावा करू नका, थोड्या मुलांचा खोल अभ्यास करा. त्यानंही पीएच.डी. होते आणि चांगली होते.

नुसते वाढलेले गुण सांगण्यापेक्षा वाढायला जागा किती होती तेही पाहा. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्राच्या चाचण्या तपासताना हे साधं माप वापरलं होतं. वर्गाची सरासरी ४० वरून ७० टक्क्यांवर गेली तर वाढ ३० ची, पण वाढीला जागा होती ६० ची, म्हणून गुणोत्तर ०.५. दुसरा वर्ग ७० वरून ८५ वर गेला तर वाढ १५, जागा ३०, गुणोत्तर तेच ०.५.

लिहिणं आणि व्हायवा

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. ती टाळाटाळीत घालवू नका. त्याच सादरीकरणांतून माझी दोन प्रकरणं तयार झाली. २०२२ च्या नियमांनी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती काढली आहे. तरीही एक चांगला निबंध समीक्षकांकडून तपासून घ्या. पण पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका.

प्रबंध सादर करण्याआधी प्लेजरिझमची, म्हणजे उचलेगिरीची, तपासणी होते, साम्य १० टक्क्यांच्या आत हवं. मग किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध वाचतात आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा, म्हणजे व्हायवा. तिथे आपल्या प्रश्नपत्रिकेतला कुठलाही प्रश्न का ठेवला आणि गळालेले का गाळले, हे सांगता यायला हवं. माझ्या व्हायवात सर्वाधिक वेळ 'करंट'च्या त्या उत्तरावरच चर्चा झाली.

पदवीनंतर प्रबंध शोधगंगेवर चढतो. पण ज्या शाळांनी दारं उघडली तिथले शिक्षक तो तिथे जाऊन वाचणार नाहीत. त्यांच्यासाठी दोन पानं मराठीत लिहा आणि स्वतः नेऊन द्या. मी ज्या शाळांत काम केलं त्यांतल्या एका शाळेत आता हा धडा सुरू करताना बाई एका बिघडलेल्या टीव्हीच्या वायरचा तुकडा वर्गात आणतात, कात्रीनं वरचं आवरण सोलतात आणि आत किती वायरी आहेत ते मुलांना मोजायला लावतात.